टाच आणि पाचर

किहीम, ता. अलिबाग, जि. कुलाबा
१२ जानेवारी १९५९

चि. काळूराम यास,

ताईचा आशीर्वाद. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलास तरी मला इथे काय कळणार म्हणा.

तू दिवाळीत येऊन गेलास तेव्हा तुझ्या भाऊजींची जखम ओली होती. आता ती भरली. डॉक्टर म्हणाले, इतकी स्वच्छ जखम आम्ही वर्षात पाहिली नाही, कुबडी घ्या आणि कामाला लागा. कुबडी आणली. ती एका कोपऱ्यात उभी आहे आणि हे दुसऱ्या कोपऱ्यात बसलेले आहेत.

ओंडका गाडीवरून घसरला, उजवं पाऊल गेलं, ते परत येणार नाही, हे मलाही कळतं. पण घोट्यापासून वर माणूस सगळा शाबूत आहे रे! हात तेच, नजर तीच. मी म्हटलं, "पटाशी हातात धरतात ना? मग?" तर म्हणाले, "पटाशी हातात, पन लाकूड कुनी धरायचं? तुझ्या आयशीनं?" आपली आई जाऊन नऊ वर्षं झाली, तिला कशाला मधे आणतात?

तू आठ वर्षं त्यांच्यासमोर बसून शिकलास, तुला वेगळं सांगायला नको. जमिनीवर बसायचं, एका पायाची टाच लाकडाला लावायची, दुसऱ्या पायाच्या बोटांनी दाबायचं आणि दोन्ही हातांनी कोरायचं. आजवर त्यांनी केलेली प्रत्येक चौकट, प्रत्येक देव्हारा पायांत धरूनच झाला. आता म्हणतात, एका पायाचा नक्षीवाला म्हणजे काहीच नाही. हत्यारांची पेटी उघडलेली नाही. चार महिने झाले. मला खरंच भीती वाटते, हा माणूस असाच बसून संपेल.

तेव्हा एक कर. तुझ्या कारखान्यात ते नक्षीचं मशीन आहे ना, त्यातली एखादी अडचण काढ आणि भाऊजींना विचार. अडचण नसली तर तयार कर. कीव दाखवलीस तर ते ओळखतील, तेव्हा अगदी हैराण झाल्यासारखं लिही. तुला सोंगं चांगली जमतात.

तुझी,
कमळताई

*

माझगाव, मुंबई
१९ जानेवारी १९५९

ती. सौ. ताईस,

काळूरामचा साष्टांग नमस्कार. पाकिटात दोन कागद आहेत. हा तुझ्यासाठी. दुसरा भाऊजींना वाचून दाखव आणि वाचताना हसू नकोस.

खरं सांगायचं तर मला अडचण काहीच नाही. मशीनवर मी राजा आहे. मधे मूळ नमुना बसवलेला असतो, त्याच्या नक्षीवरून एक लोखंडी बोट फिरवायचं, की शेजारच्या चार लाकडांवर चार कटर तसंच्या तसं कोरत जातात. चारही लाकडं जागची हलता कामा नयेत, म्हणून प्रत्येकाला खाली एक पकड करावी लागते. तिला इथे जीग म्हणतात. आधीच्या माणसाच्या जिगा शेठने फेकून दिल्या आणि मला म्हणाले, तू कर. मी डोळे मिटून भाऊजींचे पाय आठवले. एका बाजूला टाचेसारखा शिसवाचा ठोकळा, त्यात स्क्रू. दुसऱ्या बाजूला बोटांसारख्या तीन खुंट्या. मधे खुर्चीच्या पाठीचा तुकडा. काय सुरेख बसतो म्हणून सांगू! एका हॉटेलच्या तीनशे खुर्च्यांचं काम आहे, साठ झाल्या.

तरी तू म्हणतेस म्हणून सोंग करतो.

काळू

(दुसरा कागद)

ती. भाऊजींस,

साष्टांग नमस्कार. फार पेचात आहे. खुर्चीच्या पाठीचा तुकडा आधी तुमच्या रीतीने बाहेरून गोलाईत कापून घेतो आणि मग नक्षीला मशीनवर बसवतो. मधे फूल, दोन्हीकडे वेल, टोकं वर वळलेली. पण लाकूड नीट धरलं जात नाही. जीग कशी केली त्याचं चित्र खाली काढलंय. कुठे चुकतंय ते तुम्हीच सांगाल. इथे विचारावं असा माणूस नाही.

आपला,
काळूराम

*

किहीम
२ फेब्रुवारी १९५९

चि. काळूराम यास आशीर्वाद.

अरे, कमाल झाली! तुझा कागद वाचला तेव्हा ह्यांनी आधी भिंतीकडे तोंड केलं. म्हणाले, "मशीन करतंय ना नक्षी? मग मशीनलाच इचार म्हनावं." मी कागद घडी करून ठेवून दिला आणि तांदूळ निवडायला बसले. थोड्या वेळाने म्हणतात, "चितार दाव बघू."

दाखवलं. मग चुलीतला कोळसा मागितला आणि माझ्या सारवलेल्या जमिनीवर तुझा तुकडा एवढा मोठा काढला. जमीन पुन्हा सारवता येते.

त्यांचं म्हणणं असं: तुझी टाच ठीक आहे, पण जिथे टोक वर वळतं तिथे लाकडाला खालून कुणी नाही. "मी टोकाशी आलो की अंगठा सरकवायचो. ह्याच्या खुंटीला अंगठा सरकवता येतो काय? टोकाशी आला की लाकूड फिरनार. आज न्हाय तर उद्या फिरनार." माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, की हे असंच्या असं लिहीन.

आणि काल काय केलं असेल? माळ्यावरची सागाची फळी खाली काढायला लावली. नुसती मांडीवर घेऊन बसले, हात फिरवत. पेटी उघडली नाही अजून, पण फळी घेतली. काळू, मला इतका आनंद झाला की शेजारच्या जनीला मी उगाचच दोन नारळ दिले. आणखी अडचणी पाठव. जरा मोठ्या पाठव.

तुझी,
कमळताई

*

माझगाव, मुंबई
११ फेब्रुवारी १९५९

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. हा कागद तुझा, दुसरा त्यांचा. दुसऱ्यात मी खुंट्या ढिल्या पडतात अशी एक नवी थाप मारली आहे.

भाऊजी म्हणतात लाकूड फिरेल. ताई, शंभर तुकडे झाले, एकही केसभर हललेला नाही. मशीन त्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना काय कल्पना असणार? पण असू दे. त्यांचं मन गुंतलंय ना, मग झालं. लहान मुलाच्या हातात खुळखुळा दिला की ते रडायचं थांबतं, तसंच हे. बिचारे. जोपर्यंत वाजवताहेत तोपर्यंत मी नवे खुळखुळे पाठवत राहीन.

शेठ खूश आहेत. मे महिन्यात मला मशीनचा मुख्य करतील असं दिसतंय.

काळू

*

किहीम
२५ फेब्रुवारी १९५९

काळूराम,

घात झाला.

तुझे ते माझ्यापुरते कागद मी जात्याखाली सरकवून ठेवत होते. उभ्या माणसाला जात्याखालचं काही दिसत नाही. पण हे आता बसून, हातांवर सरकत फिरतात. त्यांचे डोळे जात्याच्या उंचीवर असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाच महिने त्यांना असं सरकताना बघते आहे मी, आणि हे मला कळू नये?

तुझ्या भाऊजींना वाचता येतं, हे तू विसरलास. तुझी पत्रं मी मोठ्याने वाचते ती माझ्या हौसेसाठी. त्यांनी दोन्ही कागद वाचले. मी विहिरीवरून आले तेव्हा समोर ठेवले होते, नीट एकावर एक. म्हणाले, "खुळखुळा." एवढंच. ती सागाची फळी, जिच्यावर त्यांनी एक वेल नखाने आखला होता, ती त्यांनी स्वतः सरकत नेऊन न्हाणीच्या चुलीत घातली. मी धरायला गेले तर माझा हात झिडकारला. लग्नाला सोळा वर्षं झाली, असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

जेवतात. बोलत नाहीत. दोष तुझा एकट्याचा नाही, हा खेळ मीच मांडला. पण "बिचारे" लिहायची काय गरज होती रे तुला?

आता काही पाठवू नकोस.

कमळताई

*

माझगाव, मुंबई
९ मार्च १९५९

ती. सौ. ताईस आणि ती. भाऊजींस,

साष्टांग नमस्कार. या पाकिटात एकच कागद आहे आणि तो दोघांनी वाचायचा आहे.

शुक्रवारी दुपारी एकशे अडतिसाव्या खुर्चीचा तुकडा टोकाशी आला आणि फिरला. भाऊजी म्हणाले होते तसाच. दुसऱ्या नंबरच्या कटरने तो जिगेतून उपटून काढला. कटर मोडला. लाकडाचा अर्धा भाग पलीकडे उभ्या असलेल्या दादूच्या दंडावर बसला. दादू म्हणजे माझ्या खोलीतला, थळचा. हाड मोडलं. इस्पितळातून त्याला खोलीवर आणलाय, मीच त्याला भरवतो. तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

शेठने मशीन बंद केलंय. कटर परदेशी, दुसरा मिळाला आहे, पण ते म्हणतात की पकड बदलल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. मी दोन नव्या जिगा केल्या. टाच मोठी केली, खुंट्या पाच केल्या. कमी वेगावर, मऊ लाकडावर करून पाहिलं. दोन्ही वेळा टोकाशी लाकूड हललं. एप्रिलअखेर जमलं नाही तर शेठ उरलेल्या खुर्च्या दुसऱ्या कारखान्याला देणार आणि मला पॉलिशच्या खोलीत घासायला बसवणार.

भाऊजी, मागची पत्रं खोटी होती. हे खरं आहे. मला खरंच काही सुचत नाही. तुमची मी जी थट्टा केली तिची मला लाज वाटते. खुळखुळा माझ्याच हातात होता, आणि मी तो मशीन समजत होतो.

आपला,
काळूराम

*

किहीम
१६ मार्च १९५९

चि. काळूराम यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी स्वतः वाचलं, शेवटपर्यंत. मग हसले. काळू, ते हसू मला अजिबात आवडलं नाही. म्हणाले, "सोंग मस्त वठलंय. ह्या वक्ताला मानूस पन जखमी केलाय. फुडल्या पत्रात कोनतरी मारील." मी शपथ घेतली. तर म्हणाले, "तू तर पयल्यापासून त्याच नाटकात हायेस."

आहेच मी त्यात.

दादूचं ऐकून वाईट वाटलं. थळला त्याच्या आईकडे, नीराबाईकडे, मी स्वतः जाऊन आले. तिला पत्र पोचलंय. ती रडली नाही, उलट मलाच चहा दिला. परत येऊन मी ह्यांना सांगितलं की मी नीराबाईला भेटले. त्यावरही "बरं" म्हणाले. त्यांचा आता माणसाच्या तोंडावर आणि माणसाच्या अक्षरावर विश्वास राहिलेला नाही. कशावर बसेल ते तूच ठरव. माझं डोकं चालेनासं झालंय.

कमळताई

*

माझगाव, मुंबई
२१ मार्च १९५९

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. आज भाऊच्या धक्क्यावर जाऊन रेवसच्या लाँचवरच्या कान्हाकडे एक गोणपाटाचं बोचकं दिलंय. तो उद्या किहीमला आणून देईल. आत तो फुटलेला तुकडा आहे, दोन भागांत, धुतला-पुसला नाही, जसा पडला तसा. बरोबर चांगल्या सागाच्या चार फळ्याही आहेत, न कापलेल्या.

आत चिठ्ठी नाही. तूही काही बोलू नकोस. नुसतं त्यांच्यासमोर ठेव.

काळू

*

किहीम
४ एप्रिल १९५९

चि. काळूराम यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. हे पत्र लांब होणार आहे. दादू झोपला की वाच, नाहीतर त्याला वाचून दाखव. त्याचा हक्कच आहे.

कान्हाने बोचकं ओट्यावर टाकलं. मी सोडलं आणि आत निघून गेले, म्हणजे दाराआड उभी राहिले. बराच वेळ त्यांनी हात लावला नाही. मग एक तुकडा उचलला. वास घेतला. अंगठा फिरवला नक्षीवरून, पानांपानांतून, टोकापर्यंत. तिथे कटरने लाकूड ओरबाडून काढलंय ना, तिथे अंगठा थांबला. मग त्यांनी तुकडा उलटा केला आणि पाठ उजेडाला धरली.

"कमळे, हिकडं ये!"

धावत गेले. पाठीवर बारीक ओरखडे होते, सगळे अर्धगोल. ते मला बोटाने दाखवत म्हणाले, "हे बघ. टाचेवर फिरलंय. सपशेल फिरलंय. खोटं लिवनारा पाठीवर न्हाय लिवत." तुकडा मांडीवर ठेवला. मग विचारलं, "त्या दादूचा हात कंचा? उजवा का डावा?" मी म्हटलं, नीराबाई उजवा म्हणाली. "उजवा," ते म्हणाले, आणि पेटी मागितली.

काळू, पेटी! मी ती आणून दिली आणि तिथेच बसले, जायचं नाही म्हणून.

पुढचे आठ दिवस आमच्या पडवीचा कारखाना झाला. त्यांनी बाभळीची एक चौकट ठोकली, आत तुझ्यासारखाच गोलाईत कापलेला तुकडा ठेवला आणि चहूबाजूंनी पाचरी मारल्या. स्वतः चुलीजवळच्या माझ्या उंच पाटावर बसले, चौकट समोरच्या ओंडक्यावर, आणि पटाशी चालवली. सहा महिन्यांनी पटाशी चालली. पण टोकाशी आले की लाकूड हले. पाचरी बदलल्या, हललं. गोलाईला घासून पाचरी बसवल्या, तरी हललं. पाचव्या दिवशी त्यांनी चौकट अंगणात भिरकावली आणि तुला, मशीनला, शेठला आणि मला अशा शिव्या दिल्या की जनी कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, ऐक, किती दिवसांनी ऐकते आहेस.

सहाव्या दिवशी ते तू पाठवलेली फळी हातात धरून बसले होते, कापायच्या आधी. मला म्हणाले, "आपन आधी आकार का कापतो ग? आधी कापायचं, मंग कोरायचं. का?"

मी म्हटलं, "तुमचे वडील तसंच करायचे म्हणून."

"बापाला दोन पाय व्हते," ते म्हणाले. आणि मग हळूहळू, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच, "पायाला गोल चालतं. पायाला वाकडं चालतं. पायाला समदं चालतं, म्हनून कुनी इचारच केला न्हाय. पाचरीला सरळ कड लागते."

फळी कापलीच नाही. चौकोनी होती तशीच चौकटीत बसवली. दोन्ही टोकांना दोन-दोन बोटं लाकूड जास्त. पाचरी सरळ कडांवर मारल्या आणि नक्षी कोरायला घेतली. फूल झालं, वेल झाला, टोकाशी आले. काळू, लाकूड जागचं हललं नाही! त्यांनी मुद्दाम लाकडी मोगरीने आडवा दणका दिला. तरी नाही. पूर्ण नक्षी झाल्यावर मग फळी सोडवली आणि बाहेरचा आकार करवतीने कापला. तुकडा माझ्या हातात दिला. म्हणाले, "घे. आधी नक्षी, मंग आकार. हे पत्रात मोठ्या अक्षरात लिव."

मी आत गेले आणि रडले. डाळ करपली. करपलेली डाळ त्यांनी मुकाट्याने खाल्ली.

चौकट कान्हाबरोबर पाठवते आहे. त्यांचं सांगणं असं: तुझी टाच आणि खुंट्या काढून टाक. पटाशी एकाच दिशेने रेटते, म्हणून टाच पुरते. तुझा कटर गरगर फिरतो, तो आत्ता इकडे ढकलेल, मग तिकडे. त्याला चारी बाजूंनी भिंत हवी. चौकटीच्या आतल्या कडांना उतार आहे, वर तोंड अरुंद आणि खाली रुंद, तो नीट बघ. फळीच्या कडांनाही तसाच दे. मग पाचर जितकी घट्ट, तितकं लाकूड खाली दाबून बसतं, वरून स्क्रू नको. आणि पाचरी मशीन सुरू असताना थरथरून बाहेर न येता आत जातील अशा बाजूने मार. ती बाजू कोणती, ते मशीन बघूनच कळेल, "तेवढं डोकं त्यानं चालवावं."

रागावलेले आहेत अजून. राग मात्र आता तुझ्यावर आहे, स्वतःवर नाही. मला एवढं पुरे आहे.

तुझी,
कमळताई

*

माझगाव, मुंबई
२६ एप्रिल १९५९

ती. भाऊजींस आणि ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार, भाऊजींना दोनदा.

तुमच्या चौकटीसारख्या चार केल्या. पाचरीची बाजू पहिल्या दिवशी चुकलो, दुसऱ्या दिवशी बरोबर केली. शेठ, फोरमन आणि गळ्यात हात बांधलेला दादू असे तिघे लांब उभे. मी टोकाशी आलो तेव्हा फोरमन दाराबाहेर गेला. चारही तुकडे जागच्या जागी! मग शेठ म्हणाले, आणखी एकदा. मग आणखी एकदा. काल एकशे नव्वदावी खुर्ची झाली, एक तुकडा हलला नाही.

भाऊजी, मी आठ वर्षं तुमचे पाय बघून शिकलो आणि पायच कोरून मशीनला लावला. लाकूड आधी का कापायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. मशीन माझ्यासमोर होतं, तुमच्यासमोर नव्हतं, तरी तुम्हाला पडला. ते जे पत्रात लिहिलं होतं त्याची माफी एकदा मागितली, पुन्हा मागतो.

आता खरी बातमी. शेठने चौकट उलटीपालटी करून विचारलं, ही कुणी केली? मी सांगितलं. पायाचंही सांगितलं. ते म्हणाले, जिगा करणाऱ्याला पाय कशाला लागतो? नवीन दोन मशीनं येत आहेत. त्यांच्या सगळ्या पकडी करायला त्यांना भाऊजी हवेत. खुर्चीवर बसून काम, उजेडाची खोली, हाताखाली दोन माणसं, राहायला कारखान्यामागे जागा. ताई, तुलाही मुंबई बघता येईल. मी शेठना जवळजवळ हो सांगूनच टाकलंय. रेवसपर्यंत बैलगाडी, तिथून लाँच, धक्क्यावर मी आणि कान्हा उतरवून घेऊ. कधी येता तेवढंच कळवा.

आपला,
काळूराम

*

किहीम
८ मे १९५९

चि. काळूराम यास,

अंबाजीचा आशीर्वाद. अक्षर वाईट आहे, चालवून घे. तुझी बहीण म्हणाली मी लिहिते, मी म्हटलं माझं मला लिहू दे.

एकशे नव्वद झाल्या, चांगलं झालं. पाचर पहिल्या दिवशी चुकलास हे लिहिलंस तेही चांगलं केलंस. दादूला सांग, मी विचारलंय. हात बरा झाला की त्याने रोज थोडं मोगरीचं काम करावं, बसून राहू नये. बसून राहिलं की माणूस वाईट होतो.

तू लिहिलेलं मला लागलं होतं. फार लागलं. आता गेलं.

शेठला माझा नमस्कार सांग. माणूस समजूतदार दिसतो. पण येणं होणार नाही. आवासच्या देवळाची चौकट घेतली आहे, बारा फूट उंच, वर गणपती आणि दोन्हीकडे वेल. ते लोक विचारायला आले तेव्हा कमळ दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं. त्याशिवाय चोंढीच्या दत्तात्रेयाच्या घरचा झोपाळा आहे, आणि एक पाळणा. दिवाळीपर्यंत मला वेळ नाही. दिवाळीनंतरचंही सांगता येत नाही.

पकडी कशा करायच्या ते तुला आता येतं. शेठला सांग, माणूस त्यांच्याकडेच आहे. अडलास तर लाकूड पाठव.

देवळाच्या चौकटीचे उभे दोन खांब काल गाडीवरून उतरवून घेतले. एका बाजूची नक्षी आठ-दहा दिवसांत होईल. मग खांब उलटा करायचा आहे, तो जड आहे, मला आणि कमळला हलत नाही. चार दिवसांची रजा काढून ये.

अंबाजी